करुणाने जोडलेली फाइल

करुणाबद्दल मला फार थोडं माहीत होतं. ती गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाला विहारात मला दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा नको नको म्हणून मी बसूनच राहिलो. तिला किडनीचा आजार होता हेसुद्धा मला तिथंच कळलं. लिहायची सवय नाही. काही चुकीचं लिहीन अशी धास्ती आहे.

तळेगाव ढमढेऱ्यात स्टँडजवळ तिचं ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान होतं. माहेर राहू गावचं, एवढं ठाऊक होतं.

माझ्या नातीला, मायाला, नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. पण जात पडताळणीचा अर्ज राहिला होता आणि तो शेवटचा दिवस होता. अर्ज गेला नसता तर जागा गेली असती. मी घरीच सगळ्या दाखल्यांचे मोबाइलवर फोटो काढून नेले. करुणाने ते उघडून पाहिले.

"आबा, तुमच्या वडलांचं नाव कुठं हाय ह्यात? मला तर नुसती ट्यूबलाइट दिसतीय."

कागद टिकावेत म्हणून मी सगळे लॅमिनेशन करून घेतले होते. आमच्याकडे घरोघरी तेच करतात. प्लास्टिक चमकलं आणि वडिलांच्या दाखल्यावरची नेमकी जातीची नोंद पांढरी झाली. नशीब, दाखले पिशवीत होते.

"फाडू का प्लास्टिक?" मी विचारलं.

"आन् कागद त्याच्यासंगं आला म्हंजी? चला भाईर."

ती टेबलाला धरून उठली. दाखला पायरीवर ठेवून, त्यावर माझी सावली पडेल असं तिने मला उन्हाकडे पाठ करून उभं केलं.

"हलू नका. आज तुम्हीच झाड."

रांगेतून कोणीतरी म्हणालं, "ताई, आबांचं लगीन लावताय का? आमचा नंबर कवा?"

"पत्रिका घिऊन ये, तुझंबी लावते," ती मागे न बघता म्हणाली.

त्या सावलीत एकेका दाखल्याचा नवा फोटो काढून मग ती ते जोडायला बसली. आधी मायाच्या पणजोबांचा दाखला, मग माझा, मग मुलाचा, शेवटी मायाचा. मोबाइलवरून ते उलटे आले होते, ते तिने एकेक करून सरळ लावले. फाइल जड झाली, साइट घेईना. हलकी केली तर अक्षरं पुसट झाली. पुन्हा थोडी मोठी केली. मध्येच डोळे मिटून ती खुर्चीला टेकली. मला वाटलं, रोजचंच काम, कंटाळली असेल. दिवेलागणीला फाइल गेली.

त्यानंतर पडताळणीचं प्रमाणपत्र आलं, तेव्हा सांगायला गेलो. ती शटर ओढत होती.

"मायाचं झालं का, आबा?"

"झालं. सोमवारी हॉस्टेलला सोडायची."

"बरं झालं. तिला म्हणावं, कशालाबी लॅमिनेशन करू नको."

"सांगतो."

"जावा आता, शेवटची गाडी लागलीय."

"व्हय, निघतो."