टेबलावरची अरबी

अरबीचे सर घरातल्या वस्तू पळवून शिकवत. मूळ अक्षरं तीन आणि त्यांतून निघालेलं शब्दांचं हे भलंमोठं खटलं. पण अर्थ तोंडानं सांगायचा नाही, वस्तू आणून टेबलावर ठेवायची, हा त्यांचा खाक्या. सीन, फे, रे या अक्षरांचा धडा असला की घरात नुसता गोंधळ. सफर म्हणजे प्रवास, म्हणून माळ्यावरची बॅग खाली. सुफरा म्हणजे प्रवाशाची शिदोरी, म्हणून लेकीचा शाळेचा डबा गायब. सफीर म्हणजे दोघांमधला दूत, म्हणून जिन्यातली भांडणं मिटवणाऱ्या शेजारच्या काकूंना धरून आणून खुर्चीवर बसवायचे. काकू लाजायच्या, पण चहा घेतल्याशिवाय उठायच्या नाहीत. आई आतून ओरडायची, "अहो, मला तरी जागेवर राहू द्या!"

काय दिवस होते ते, असं लेकीला आता उठताबसता वाटायचं. आई गेली. मग सरांना झटका आला. हातपाय सावरले, जीभ मात्र अडली ती अडलीच. जन्मभर शब्द वाटलेल्या माणसाला धड हाक मारता येईना. लाजेनं ते आतल्या खोलीत शिरले आणि कोणी आलं की दार लोटून घेऊ लागले. लेकीनं बाहेर त्यांचा वर्ग पुन्हा सुरू केला, तो काही शिकवण्याच्या हौसेनं नव्हे. आवाज ऐकून बाबा बाहेर येतील, एवढीच तिची आस. दार काही उघडेना.

त्या संध्याकाळी तिनं सीन, फे, रे फळ्यावर लिहिलं. "झाकलेलं उघडं करणं, हा यांचा जुना अर्थ," ती म्हणाली. "प्रवासात माणूस कळतो. पहाटे दिशा उजळतात, तिथेही हीच अक्षरं."

वर्ग पेंगत होता. सरांचे जुने विद्यार्थी, निवृत्त पोस्टमनकाका, म्हणाले, "बाई, सर असते तर एव्हाना टेबलावर बाजार भरला असता!"

सगळे हसले. तीही हसली, पण आत कुठेतरी तुटलं. मोडक्या आवाजात ती म्हणाली, "आणखी एक शब्द आहे, मिस्फरा." आणि गाडी अडली. अर्थच आठवेना. तिनं कोश उघडला आणि घाईघाईत 'मीम' या अक्षराची पानं चाळू लागली. अरबी कोशात शब्द त्याच्या मुळाखाली शोधायचा, पहिल्या अक्षराखाली नाही, हे तिला बोलता येऊ लागल्यापासून ठाऊक होतं. आज तेही सुचेना.

आतलं दार करकरलं. बाबा बाहेर आले. कुणाकडे न बघता सरळ टेबलाशी आले आणि उघड्या कोशावर त्यांनी झाडू ठेवला.

"सर, केर काढायचाय का?" पोस्टमनकाका गडबडून उठले.

"बसा हो काका," लेक म्हणाली. "मिस्फरा म्हणजे झाडू. केर निघाला की खालची जमीन दिसते."

बाबांनी मान हलवली. ते आत गेले नाहीत. काकांच्या शेजारची खुर्ची ओढून बसले आणि पुढचं शिकव, अशी त्यांनी तिला हातानं खूण केली.