टाकीत थेंब नाही

शिवणकामवाल्या मावशींना घरातली कुठलीच वस्तू उघडी बघवत नसे. मिक्सरला कव्हर, पंख्याला कव्हर. "आई, एक दिवस मलाही घालाल," सून म्हणायची.

आज मात्र दोघींचा जीव टांगणीला लागला होता. दमट हवेने नातवाला धाप लागायची, म्हणून खोलीतली ओल ओढणारं यंत्र आणलं होतं. ते घरघरत होतं, पण ओढलेलं पाणी साठायच्या टाकीत कालपासून थेंब नाही. नातवाची छाती पुन्हा वाजू लागली होती. सुनेने टाकी काढून नीट बसवली, तरी काही नाही. मावशी मनातल्या मनात देवाचा धावा करत होत्या.

जाळी साफ करायला सून यंत्रामागे वाकली.

"आई, हे कव्हर कधी शिवलंत?"

"कालच. मागून धूळ जात होती गं."

"अहो, हवाही तिथूनच जाते! ती अडली, म्हणून पाण्याचा आतच बर्फ झालाय बघा."

मावशींनी घाईघाईने कव्हर ओढून काढलं. यंत्र बंद करून त्यांनी बर्फ वितळू दिला आणि ते पाणी ओतून टाकलं. तेवढा वेळ त्यांना जन्माएवढा वाटला. पुन्हा चालू केल्यावर बऱ्याच वेळाने टाकीत टप्प आवाज आला. मावशींनी हात जोडले आणि कव्हर सुनेकडे दिलं.

"लपवून ठेव बाई. माझा काही भरवसा नाही."