एका नंबरावर दोघी
स्पिरिटचा वास आला की हिमायतनगरच्या दवाखान्यातली ती दुपार आठवते. आईला रक्त चढवायचं होतं. पिशवी हातात घेऊन नर्स स्क्रीनकडे बघत म्हणाली, "अम्मा का बी पॉझिटिव्ह दिखरा." आईचा रक्तगट ओ. बी पॉझिटिव्ह माझ्या सासूबाईंचा. दोघींची नोंदणी माझ्याच मोबाइलवर झाली होती, आणि त्या सिस्टिमच्या लेखी एक नंबर म्हणजे एकच माणूस. "रुको! ये वो अम्मा नहीं!" मी ओरडले. पुन्हा तपासणी होऊन ओ गटाची पिशवी येईपर्यंत मी आईचं मनगट सोडलं नाही. आई सुखरूप घरी आली. माझं कामच संगणकात कुठली माहिती कशी साठवायची याचे आराखडे करण्याचं. पण आराखड्यात 'रुग्ण' असा चौकोन काढून त्याची ओळख कशावरून ठरवायची हे लिहिताना अजूनही ती पिशवी डोळ्यांपुढे येते.