प्रिमरोझला पाणी घालू नये

चूक माझी. आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या सिल्वासाच्या सोसायटीत चूक कुणाची हे ठरवायला मीटिंग बोलावतात आणि त्या मीटिंगमधून आणखी दोन किस्से तयार होतात. असे ते साठत जातात.

मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला तेव्हा बाबा दोन दिवस बोलले नाहीत. ते जवळच्या सायली गावात धाग्याच्या कंपनीत मेंटेनन्स बघतात. बंद पडलेली वस्तू घरात ठेवणं त्यांना सहन होत नाही. तिसऱ्या दिवशी आमचे सेक्रेटरी भामरेकाका तोडगा घेऊन आले. ते त्याच कंपनीत ॲडमिन मॅनेजर. म्हणाले, गेटजवळचा वाफा फुलवून दाखव, कंपनीच्या बागेचं काम मिळवून देतो. नाहीतर जूनमध्ये गुपचूप कॉलेज. अट एकच, उन्हाळ्यात बोअर आटतं, तेव्हा पाणी मागायचं नाही.

मी नेटवर शोधलं. ईव्हनिंग प्रिमरोझ. पिवळं फूल, संध्याकाळी उमलतं, पाण्यावाचून तगतं, एकदा लावलं की वर्षानुवर्षं हलत नाही. म्हटलं, हे तर आपल्याच जातकुळीतलं!

*

सोसायटी झाडणाऱ्या सुमनताई खानवेलहून बसने येतात. त्यांना मी दुष्काळात जगणाऱ्या झाडांवर अर्धा तास लेक्चर दिलं. त्यांनी झाडू टेकवून सगळं ऐकलं आणि विचारलं, "आणि पावसाळ्यात इथे पाणी भरतं, तेव्हा?"

मी दुष्काळ वाचला होता. पाऊस वाचायचा राहिला होता.

मग खडी टाकून वाफा हातभर उंच केला. म्हणजे त्यांनी केला. मी व्हिडिओ काढला.

*

दिवाळीनंतर बी पेरलं. पंधरा दिवसांत हिरवं काहीतरी वर आलं. मी भोवती दोरी बांधली, रोज फोटो टाकले. महिन्याभराने एका सकाळी वाफा साफ.

"तांदुळजा होता तो," सुमनताई म्हणाल्या. "भाजी केली."

खरी रोपं दोरीच्या बाहेर आली होती. त्यातल्या काहींवर उभा राहून मी फोटो काढत होतो.

*

आमच्याकडे सगळे काका सकाळी आंघोळ करून तांब्याभर पाणी सूर्याला देतात. फरशीवर पडलं तर डाग पडतो, म्हणून वाफ्यात. रोपं मुळाशी कुजायला लागली. मी पाटी लावली, प्रिमरोझला पाणी घालू नये. दुसऱ्या दिवशी भामरेकाका पाटीसमोर उभे राहून तांब्या ओतत होते. मी विचारलं, वाचता येतं ना?

"झाडाला कुठे घालतोय? सूर्याला देतोय."

पुण्या-नाशिकचे बी. ई. झालेले लोक. एकाने मान डोलावली. ते माझे बाबा होते.

निम्मी रोपं गेली. मी जाम ओरडलो. त्यांनी मीटिंग घेऊन ठराव केला की वाफ्याजवळ ओरडू नये. ती पाटी मीच रंगवली. अक्षर माझंच बरं आहे.

*

एप्रिलमध्ये उरलेल्यांना कळ्या आल्या. भामरेकाकांनी कंपनीच्या मोठ्या साहेबांना संध्याकाळी साडेसहाला बोलावलं. खुर्च्या मांडल्या, समोसे आले. मला फूल उमलतानाचा व्हिडिओ हवा होता आणि त्यात मीही नीट दिसायला हवा होतो. बाबांना म्हटलं, उजेड कमी पडेल. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं. कुठून तरी शेडवरचा फ्लडलाइट आणला, स्वतः शिडीवर चढून खांबाला बांधला. वाफ्यात भरदुपार झाली.

सात वाजले. साडेसात झाले. कळ्या ढिम्म. साहेबांनी दोन समोसे खाल्ले, एकदा वाफ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "लायटिंग छान आहे," म्हणाले आणि वापीला निघून गेले. भामरेकाका खुर्च्या उचलायला लागले.

बाबांनी वायर गुंडाळायला घेतली आणि स्विच बंद केला.

आम्ही दोघं तिथेच उभे होतो. थोड्या वेळाने एक कळी थरथरली आणि फटकन उघडली. मग शेजारची. मग अख्खा वाफा.

बाबा वायर तशीच टाकून वाफ्याशी वाकले. मग हळूच म्हणाले, "साहेबांना फोन लावू का?"

लावला नाही. बागेचं काम गेलं. जूनमध्ये मी पुन्हा दुसऱ्या वर्षाला ॲडमिशन घेतली.