मोहोर न आलेली फांदी

क्येला गाव ते सरोवर या रस्त्यावर कुणाच्या ट्रकचं इंजिन बसलं की लोक एवढंच म्हणत, "आंब्याखाली न्या." आंब्याखाली म्हणजे ग्वाकिसा मिस्त्रीच्या अंगणात. तिथे ना बोर्ड होता, ना शेड. हत्यारांचं एक पत्र्याचं कपाट, जुन्या टायरांची चळत, आणि घराच्या कोपऱ्यावरच्या आंब्याची ती एक आडवी फांदी. माणसाच्या कमरेएवढी जाड. तिला साखळी बांधायची, चेन-पुली लटकवायची, खाली ट्रक आणून उभा करायचा आणि इंजिन सरळ वर उचलायचं. शहरातला गॅरेजवाला सांगेल त्याच्या निम्म्यात काम. वीस वर्षं त्याच जागी साखळी बसून बसून फांदीभोवती चांगला बोटभर खोल खाचा पडला होता. ग्वाकिसा तो खाचा लोकांना कौतुकाने दाखवी. म्हणे, बघा, साखळी इकडची तिकडे सरकत नाही, फांदीच माझ्या कामाला शिकली.

माणूस तसा हाडाचा कारागीर. म्बेया शहरातल्या एका खडूस मालकाकडे सात वर्षं जेवणावारी राबला आणि गावी परतला तो ती जुनी चेन-पुली खांद्यावर टाकून. शेवटची दोन गावं तर पायीच. लुगानो, त्याचा थोरला, जन्मला त्या दिवशी त्याने या फांदीवरून पहिलं इंजिन उचललं. इंजिन लटकलेलं असताना झाडाखाली कुणी यायचं नाही हा त्याचा नियम, आणि तो नियम मोडला तर शिव्यांची लाखोली. त्यातून सूट एकालाच, इप्यानाला. इप्याना म्हणजे बायकोचा, सुबिलागाचा, धाकटा भाऊ. आईबाप गेल्यावर तिने त्याला घरी आणलं, त्याला अकरा वर्षं झाली. आता तो दोन लेकरांचा बाप होता. इंजिन उचललं की गिअरबॉक्सचं तोंड खाली पडतं, म्हणून ट्रकखाली उताणं पडून कुणीतरी जॅक आणि लाकडी ठोकळा लावायचा असतो. ते कुणीतरी म्हणजे अकरा वर्षं इप्यानाच.

यंदा जुलैत म्वाकिबेते नावाच्या शेतकऱ्याचा ट्रक आला. आला म्हणजे बैल जोडून ओढत आणला. इंजिनात पाणी शिरलेलं, आणि शेतात भात कापून पडलेलं. म्वाकिबेतेने टोपी हातात घेऊन गळ घातली, की शहरात न्यायची ऐपत नाही, पंधरवड्यात गाडी उभी राहिली नाही तर पीक उंदरांच्या घशात जाईल. ग्वाकिसा म्हणाला, उभी राहील. त्याला नाही म्हणता येतच नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्वाकिबेते गाडी बघायला आला तेव्हा सुबिलागा अंगण झाडत होती. झाडता झाडता थांबून तिने वर पाहिलं. इकडे आंबा जुलैतच मोहोरतो; सगळं झाड मोहोराने लदलदलेलं, मधमाश्यांचा नुसता गजर. ट्रकच्या डोक्यावर मात्र शांतता.

"अहो, या फांदीला यंदा मोहोर नाही आला," ती म्हणाली.

"मग? मी काय तिला आंबे लटकवतोय?" ग्वाकिसा म्हणाला.

सगळे हसले. म्वाकिबेते हसला, इप्यानाही हसला. सुबिलागा तेवढी हसली नाही. तिने उरलेलं अंगण झाडून काढलं.

आता खरी गोष्ट सांगायची तर ग्वाकिसाला हे तिच्याआधी कळलं होतं. ट्रक आला त्याच संध्याकाळी त्याने शिडी लावून खाच्यात पेचकस टेकवला होता. दाबलाही नव्हता. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. त्याने तो हळूच ओढून काढला, अंगठ्याने ओली माती भरून भोक बुजवलं आणि शिडी जागच्या जागी ठेवली. रोज सकाळी ट्रकच्या बॉनेटवर पिवळसर भुसा पडलेला असे. कुणी उठायच्या आत तो तळहाताने पुसून टाकी. निलगिरीचे तीन जाड वासे आणून तिकाटणं उभं केलं तर काम होण्यासारखं होतं, त्याने भावही विचारला होता. पण म्वाकिबेते देणार तेवढं सगळं वाशांतच गेलं असतं. आणि तेही एक वेळ सोसलं असतं. फांदी गेली की आंब्याखाली हे नावच गेलं, हे त्याच्या घशाखाली उतरेना. एवढं एक इंजिन निघू दे, मग बघू, असं तो मनाशी म्हणत राहिला. असं म्हणणाऱ्या माणसाची मला भारी चीड येते, आणि भीतीही वाटते.

आठव्या दिवशी, ऊन चांगलं वर आल्यावर, काम सुरू झालं. रेडिएटर आधीच निघाला होता, बॉनेट उतरवलं होतं, इंजिन धरून ठेवणारे फाउंडेशनचे बोल्ट सुटले होते. इप्याना ठोकळा छातीवर घेऊन खाली सरकला. ग्वाकिसाने साखळी ओढायला घेतली. कट, कट, कट. इंजिन दोन बोटं उचललं गेलं.

तेवढ्यात वरून आवाज आला. मोडल्याचा नव्हे. झोपेत कुणी दात खावेत तसा, आतल्या आत. ग्वाकिसाचा हात थांबला.

"दाजी, काय झालं?" खालून इप्यानाने विचारलं.

"काही नाही. साखळी बसतेय," ग्वाकिसा म्हणाला.

स्वयंपाकघराच्या दारात सुबिलागा हिरवी केळी सोलत बसली होती. आवाज तिने ऐकला आणि नवऱ्याचं उत्तरही ऐकलं. ती उठली. एका हातात स्टूल, दुसऱ्या हातात केळ्यांचं घमेलं. चालत आली आणि बंपरला टेकून, त्या फांदीच्या बरोबर खाली स्टूल मांडून बसली. एक केळं उचललं आणि सोलायला लागली.

"ऊठ तिथून," ग्वाकिसा म्हणाला.

"का? मजबूत आहे ना फांदी?"

"डोकं फिरलंय का तुझं? ऊठ म्हणतो ना."

"खाली माझा भाऊ आहे. वर मी बसलेय. ओढा तुम्ही."

तिने वरसुद्धा पाहिलं नाही. ग्वाकिसाने साखळी घट्ट धरली. ओढून दाखवावी, सगळ्यांसमोर हिची खोड मोडावी, असं त्याला वाटलं, मनापासून वाटलं. पण हात काही हलेना. एक कडीसुद्धा पुढे सरकेना. म्वाकिबेते दोन पावलं मागे झाला. केळ्याची साल सुबिलागाच्या पदरात पडत राहिली.

मग ट्रकखाली पाठ घासल्याचा आवाज झाला. इप्याना पलीकडच्या बाजूने बाहेर आला. त्याने बहिणीकडे पाहिलं, फांदीकडे पाहिलं आणि शेवटी दाजींच्या त्या थिजलेल्या हाताकडे पाहिलं.

"कधीपासून माहीत होतं?" त्याने विचारलं.

"आठ दिवस," ग्वाकिसा म्हणाला.

"आठ दिवस," इप्याना म्हणाला. त्या आठ दिवसांत तो चार वेळा त्या गाडीखाली झोपला होता.

त्यांनी कडी कडी करत इंजिन परत खाली बसवलं, साखळी सोडली आणि सगळ्यांनी मिळून ट्रक रेटत अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेला. इप्याना करवत घेऊन झाडावर चढला. ग्वाकिसा म्हणाला, मी चढतो, पण ऐकायला कोण होतं? फांदी पडली तेव्हा घराच्या खिडक्या थरथरल्या. बरोबर खाच्यावर मोडली होती. इप्याना उतरला, मोडल्या जागच्या पोकळीत हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. मूठभर काळी माती आणि वाळवी त्याने बाहेर काढली आणि ग्वाकिसाच्या पायाशी ओतली. ते पाहून सुबिलागा आत गेली आणि तिने हंबरडा फोडला. इतका वेळ तिने तो कुठे दाबून ठेवला होता कोण जाणे.

म्वाकिबेतेने भाताच्या कोठाराचं नवं छप्पर मोडून तीन वासे आणून दिले. दोन दिवसांत तिकाटणं उभं राहिलं, चेन-पुली लागली. इंजिन उचलायची वेळ आली तेव्हा इप्याना सरळ साखळीपाशी जाऊन उभा राहिला. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. ग्वाकिसाने जॅक घेतला, ठोकळा घेतला आणि गाडीखाली सरकला.

अकरा वर्षांत तो इथे आला नव्हता. इंजिनच्या बुडाचं तेलाचं काळं चेंबर नाकापासून वीतभर वर होतं. तेलाचा एक थेंब त्याच्या कानाशी पडला. बाजूच्या फटीतून इप्यानाचे पाय दिसत होते, टायरच्या चपला घातलेले, स्थिर.

"ओढ," तो म्हणाला.

कट, कट, कट. इंजिनने जागा सोडली, दोन बोटं वर गेलं आणि साखळी थांबली. वाशांच्या जोडावर कुठेतरी दोर करकरला. ग्वाकिसा ठोकळा धरून वाट पाहत राहिला. इप्यानाचे पाय जागचे हलत नव्हते. सरकून बाहेर पडणं एका क्षणाचं काम होतं, पण मग या माणसाला पुन्हा तोंड कसं दाखवणार?

"इप्याना," त्याने हाक मारली. "काय झालं?"

मग वरून उत्तर आलं.

"काही नाही, दाजी. साखळी बसतेय."