नणंदेनं दिलेला ककाटू

तो ककाटू, म्हणजे काकाकुवा पोपट, मी मागितला नव्हता. नांदुऱ्याच्या माझ्या थोरल्या नणंदेनं तो पिंजऱ्यासकट आणि सूर्यफुलाच्या बियांच्या पिशवीसकट आमच्या डोणगावच्या घरात आणून ठेवला. वर म्हणाली, "तुह्या घरी लय शिस्त असते म्हणतात. लाव आता याले."

पांढराशुभ्र, डोक्यावर पिवळा तुरा, डोळे कपटी. पहिल्याच संध्याकाळी त्यानं माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीचा लचका तोडला.

मी ब्लाउज शिवते. लग्नसराई तोंडावर होती आणि कपाटात कापडांच्या चळती होत्या. बोटाला पट्टी बांधून हूक लावता येत नाहीत. नणंदेला फोन केला तर ती म्हणाली, "चोचीवर टिचकी मारत जाय. मी तेच करत होते." म्हणजे चावतो हे तिला माहीत होतं. मी एकदाच टिचकी मारली. दुसरं बोटही फुटलं.

मग मी माझ्या पद्धतीनं कामाला लागले. चावण्याची जेवढी कारणं सुचली तेवढी लिहून फ्रीजवर चिकटवली आणि एकेक खोडत गेले. बांगड्या काढल्या. नखांचा लाल रंग पुसला. झोप पुरी व्हावी म्हणून अंधार पडताच पिंजऱ्यावर जुनी चादर टाकू लागले. चावल्यावर ओरडायचं बंद केलं, कारण मी ओरडले की त्याला फुकटचा तमाशा मिळायचा आणि तो मानेला झोके देत बघत बसायचा. चावला की पाठ फिरवायची आणि निघून जायचं. हात वरून न्यायचा नाही, छातीच्या खालून न्यायचा.

फरक पडला, पण अर्धाच. सकाळी माझ्या चिमटीतलं बी अलगद घ्यायचा. दुपारी मशीनवरून उठून, बोटं मोडून, आळस झाडून तेच बी घेऊन गेले की तुरा उभा आणि कडकडून चावा. हात तोच, बी तेच. मशीनच्या तेलाचा वास येत असेल म्हणून साबणानं हात धुतले. तरी चावला. त्या पक्ष्याचा मला खरोखर संताप यायचा.

एका दुपारी माझ्या बोटाचं रक्त गिऱ्हाइकाच्या मोतिया रंगाच्या ब्लाउजला लागलं. तेव्हा नवऱ्यानं निकाल दिला. "नांदुऱ्याच्या बाईले फोन केला मी. रविवारी येते अन् घेऊन जाते."

"काऊन? माह्यानं जमलं नाही म्हणून साऱ्या सोयऱ्यांत सांगत फिराले?"

"तिचं सोड. बोटं पाह्य तुही."

पक्ष्याचा पुळका म्हणून नव्हे, पण तिच्या हातून तो परत जाणं मला मंजूर नव्हतं. तिकडे टिचक्या खाईल आणि इकडे माझं नाव खराब होईल.

रविवारी ती आली ती हसतच. "काऊन वं, थकली का शिस्त?" मी पाणी दिलं. ती सरळ पिंजऱ्याकडे गेली. "माह्यं गोरंपान लेकरू! कोनाची नजर लागली रे तुले?" असं म्हणत तिनं पिंजऱ्याबाहेरूनच दोन्ही हात त्याच्या डोक्यावरून खाली फिरवले, स्वतःच्या कानशिलांवर नेले आणि बोटं मोडली. कडाकड.

तुरा ताठ झाला. गजांतून चोच बाहेर आली, नणंद मागं सरली आणि तिनं सवयीनं त्याच्या चोचीवर टिचकी मारली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. "ताई, हे रोज करत होत्या तुम्ही?"

"मंग! रोज सकाळी. एवढं देखणं जनावर, नजर नाही काढावी?"

म्हणजे रोज सकाळी डोक्यावर दोन हात, मग कडाकड, मग टिचकी. आणि मी रोज दुपारी मशीनवरून उठून तीच कडाकड करून त्याच्यासमोर जात होते. फ्रीजवरच्या यादीत हे नव्हतं, कारण आपण बोटं मोडतो हे माझ्या लक्षातही नव्हतं.

मी तुरा खाली बसेपर्यंत थांबले. मग पिंजऱ्याचं दार उघडून मनगट खालून पुढं केलं. तो एक पाय उचलून थांबला, मग दुसरा पाय टेकवून मनगटावर चढला आणि माझ्या हातातलं बी सोलू लागला. नवरा दारात उभा होता.

"पाह्य," नणंद भावाला म्हणाली, "माह्याच वळणाचा आहे. दे, नेते मी आता."

"नेऊ नका. ह्या घरात याच्यापुढं कोणी बोटं मोडायची नाही. तुम्हीबी नाही."

"मले शिकवतं का तू?"

"हो."

ती भावाकडे वळली. त्यानं माझ्या मनगटाकडे पाहिलं. "राहू दे, बाई," एवढंच तो म्हणाला.

चहा न घेताच ती निघाली. दारात चपला घातल्या, वळली आणि माझ्याकडे रोखून बघत दोन्ही हातांची बोटं मोडली. या वेळी कानशिलावर नेऊन नव्हे. तुरा फाडकन उभा राहिला आणि त्यानं माझं मनगट फोडलं.

मी ओरडले नाही. दार लावून घेतलं.