हिरव्या रेक्झिनचा कॅमेरा

आमच्या इचलकरंजीच्या घरात दोन खोल्या, सहा माणसं आणि एक कॅमेरा होता. आप्पा, म्हणजे माझे वडील, रात्रपाळीला यंत्रमागावर असायचे आणि रविवारी लग्नाबारशांचे फोटो काढायचे. दोन भिंगांचा, पोटाशी धरायचा कॅमेरा. मान खाली घालून वरच्या भिंगातलं चित्र काचेवर बघायचं. फोटो काढायचं काम खालच्या भिंगाचं. त्याचं कातडं फाटलं तेव्हा आप्पांनी रिक्षाच्या सीटचं हिरवं रेक्झिन चिकटवलं होतं.

माग बंद पडले त्याच वर्षी मला कॉलेजात प्रवेश मिळाला आणि कॅमेरा विकला गेला. मी बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यातली पहिली. पण पदवीच्या झग्यातला माझा फोटो नाही. स्टुडिओत जाऊ म्हटलं, तर आप्पा म्हणाले, "माझ्या पोरीचा फोटो दुसरा कोण काढणार?" विषय तिथंच संपला.

नोकरी लागल्यावर मी असले जुने कॅमेरे जमवायला लागले. आता कपाट भरलंय. नवा आला की आप्पा झाकण उघडतात, आत बघतात, "छान आहे" म्हणतात आणि ठेवून देतात. गेल्या हिवाळ्यात मोबाईलवर मीरा रोडची एक जाहिरात दिसली. 'जुनी शोभेची वस्तू.' फोटोत हिरवं रेक्झिन होतं. आप्पांनी वाकडा कापलेला कोपराही तसाच. घरी काही न सांगता मी बसचं तिकीट काढलं.

सकाळी काशिमीऱ्याला उतरले. रिक्षावाला हिंदीत, समोरचा भाजीवाला गुजरातीत, मी आपली मराठीत. तरी जाहिरातीतल्या पत्त्यावर, सिल्व्हर पार्कला बरोबर पोचले. दार उघडणाऱ्या वहिनी आधी गिरगावात राहायच्या, हे मी चप्पल काढेपर्यंत त्यांनी सांगून टाकलं. मी ऐकत नव्हते. कोपऱ्यातल्या टेबलावर तो होता.

हात लावणार, तेवढ्यात वहिनींनी भिंतीवरचं बटण दाबलं आणि आप्पांचा कॅमेरा पेटला.

खरंच पेटला. डोक्यातून बल्ब वर आलेला, बुडातून वायर बाहेर. बघायची काच गायब, आतला आरसा गायब.

"कसला भारी दिवा आहे ना? नव्या पडद्यांना मॅच होत नाही, म्हणून काढतोय."

"बंद करा. आधी बंद करा."

"अहो, शॉक नाही बसत!"

"मला बसलाय."

मग सगळं सांगितलं. वहिनी सोफ्यावर बसल्याच. "अगं बाई, वडिलांचा? आणि मी रोज त्याच्या उजेडात सिरियल बघतेय!" त्यांनी तो स्वतःच्या ओढणीत गुंडाळून दिला, वर खारीचा पुडा दिला आणि दिवा बनवणाऱ्याचा पत्ताही.

तो भाईंदर पूर्वेला एका गाळ्यात (छोट्या कारखान्यात) होता. आत पाय ठेवला आणि मी दाराशीच थांबले. फळीवर दोन भिंगांच्या कॅमेऱ्यांची रांग. प्रत्येकाच्या बुडाला भोक. शेजारी ड्रिल मशीन.

"मॅडम, इनको कोई पूछता नहीं था," मालक म्हणाला. "मैंने तो इज्जत दी."

"छेद करके?"

"अब साहब लोगों के हॉल में बैठते हैं. और क्या चाहिए?"

माणूस वाईट नव्हता. चहा मागवला, वायर स्वतः काढली आणि काढलेल्या आरशांचा, काचांचा डबा माझ्यापुढे ठेवला. उपसून उपसून मापाचा आरसा सापडला, काच सापडली. दोन्ही बसवून बटण दाबलं. खट्. खालच्या भिंगाची पाकळी उघडून मिटली. मी पुन्हा दाबलं.

बुडाचं भोक मात्र राहिलं. तिथून उजेड शिरला की फिल्म काळी पडणार. "टेप मार दो," मालक म्हणाला. मारली. पण बिघडलेला कॅमेरा आप्पांच्या हातात द्यायचा नव्हता, आधी फोटो काढून बघायचे होते. परतीची बस रात्रीची होती. मग पश्चिमेला जाऊन समुद्रकाठच्या उत्तनची बस धरली. मिठागरं मागे पडली, खारा वास सुरू झाला आणि मी चालत तारोडीला पोचले.

किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत होते. एक होडी दुरुस्तीला काढली होती, तिच्या सावलीत एक मावशी जाळं शिवत बसलेली. मी मान खाली घालून काचेत बघायला लागले.

"खाली काय बगतेस बाय? मी हिकडं हाय."

"तुम्हीच दिसताय यात, मावशी."

त्यांनी वाकून बघितलं. समोर समुद्रात एक होडी निघाली होती. "अगो, होरी भलतीकडंच चालली!" या काचेत डावं उजवीकडे दिसतं, हे सांगितल्यावर हसत बसल्या. तेवढ्यात टेप निघून वाळूत पडली. मी भोक दाखवलं. नको म्हणायच्या आत मावशींनी होडीच्या डब्यातल्या डांबरात काथ्या घोळवून अंगठ्यानं भोकात दाबला.

मी किंचाळले. "अहो, कॅमेरा आहे तो!"

"हितून दर्याचं पानी शिरत न्हाय. तुजा उजेड काय शिरंल?"

ते सुकेपर्यंत त्यांनी मला तळलेलं म्हावरं (मासळी) आणि तांदळाची भाकरी खायला घातली. मग बरोबर आणलेला रोल भरला आणि तो संपेपर्यंत फोटो काढले.

घरी आप्पांसमोर वहिनींची ओढणी सोडून कॅमेरा ठेवला. या वेळी ते "छान आहे" म्हणाले नाहीत. वाकड्या कोपऱ्यावर अंगठा फिरवत राहिले. मग बूड नाकाशी नेऊन म्हणाले, "डांबराचा वास येतोय."

रोल आम्ही दोघांनी मोरीत धुतला. ओली पट्टी आप्पांनी खिडकीशी धरली. मावशी, होडी, बोंबील, सगळं स्वच्छ. कुठंही उजेड शिरला नव्हता.

मी गेले होते वस्तू परत आणायला. मीरा-भाईंदरमध्ये तिच्यात दिवा घालणारे भेटले आणि तिचं भोक बुजवणारेही. दोघांनीही मला खाऊपिऊ घातलं, हे अजून पचत नाही.

पुढच्या रविवारी झगा भाड्यानं आणला. आप्पांनी मला दारात उभं केलं, मान खाली घातली आणि म्हणाले, "हलू नको."

आमच्या भिंतीवर आता माझ्या पदवीचा फोटो आहे. तो माझ्या वडिलांनी, त्यांच्या कॅमेऱ्यानं काढलाय.